दारावरचा कॅमेरा काढा म्हणणाऱ्या आमच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

'सदनिकेबाहेर, सामाईक जागेच्या दिशेने लावलेले सर्व खासगी कॅमेरे सदस्यांनी सात दिवसांत काढून घ्यावेत, अन्यथा समिती ते काढेल' अशी नोटीस तुम्ही बोर्डावर लावली आहे. नोटीस सर्वांसाठी आहे असं तिच्यात म्हटलंय. प्रत्यक्षात आमच्या जिन्यावर असा कॅमेरा एकच आहे आणि तो माझ्या दारावर आहे. नोटीस चारचौघांत लागली, त्यामुळे उत्तरही चारचौघांत देते. या पत्राची प्रत कार्यालयात पोच घेऊन दिली आहे. इथे मांडते आहे ती बाकीच्या रहिवाशांसाठी, आणि शेजाऱ्यांच्या त्रासाने जेरीस येऊन कॅमेरा लावावा की नाही या विचारात असलेल्या कोणाहीसाठी.

मी कॅमेरा काढणार नाही. का, ते सांगते.

समोरच्या बिऱ्हाडाकडून आम्हाला काय सोसावं लागतं हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. तरी लिहिते, कारण तुमच्या एकाही कागदावर ते आलेलं नाही. सुरुवात कचऱ्यापासून झाली. त्यांच्या घरातली गळकी पिशवी आमच्या सेफ्टी डोअरच्या कडीला अडकवलेली असायची. मग चपलांचं कपाट पॅसेजमध्ये उलटं पडलेलं दिसायला लागलं. मुलाच्या सायकलच्या टायरमधली हवा जायची. एकदा व्हॉल्व्हच गायब होता. विचारायला गेलं की दार उघडून शिव्या. आणि मग रात्रीची बेल.

बेलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कॅमेरा त्यामुळे आला. कोणीतरी बटणाच्या फटीत काडीपेटीची काडी खुपसून ठेवायचं. बटण आतच अडकायचं आणि बेल थांबायचीच नाही. माझ्या सासूबाईंना कमी दिसतं, पण बेल वाजली की पहिल्या त्याच उठतात. आयुष्यभराची सवय आहे. अशाच एका रात्री अंधारात दाराकडे जाताना उंबऱ्याशी पडल्या. मनगट मोडलं. दार उघडलं तर बाहेर कोणी नाही, बटणात काडी, आणि समोरच्या दाराखालच्या फटीतून दिसणारा दिवा तेवढ्यात विझला.

ती काडी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याकडे आणली होती. सचिवांनी ती पाहिली आणि म्हणाले, 'यावरून काय सिद्ध होतं?'

खरं आहे, काडीवरून काहीच सिद्ध होत नाही. पण त्याआधीच्या तोंडी तक्रारींना 'आपसात मिटवा, शेजारीपाजारी म्हटलं की व्हायचंच' हे उत्तर मिळालं होतं. लेखी तक्रारीची पोच मागितली तर 'आपल्यात कसली पोच' असं म्हणून कागद ठेवून घेतला गेला. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात या सगळ्याची एकच ओळ आली : 'दोन सदस्यांमधील वैयक्तिक वाद, समितीचा संबंध नाही.' एका घरातून दुसऱ्या घराला त्रास होत होता आणि तुम्ही त्याला दोघांचं भांडण म्हणून टाकलंत. त्या ओळीचा मला आजही राग आहे. भांडणात दोन बाजू असतात. माझ्या सासूबाईंनी कोणाशी भांडण केलं होतं?

त्याच सभेत अध्यक्ष म्हणाले, 'पुरावा आणा, मग बघू.' सभेला हजर असलेल्यांनी ते ऐकलं आहे.

पुरावा आणायचा म्हणून आम्ही कॅमेरा लावला. काही आठवड्यांतच चित्रण मिळालं. रात्री एक माणूस समोरच्या दारातून नव्हे, जिन्याच्या बाजूने चालत येतो, खिशातून काहीतरी काढतो, बटणापाशी वाकतो, आणि वर पाहतो तेव्हा त्याचा चेहरा सरळ कॅमेऱ्यात येतो. तो कोण, हे इथे लिहिणार नाही. चित्रण तुम्हाला दाखवायला आणलं तेव्हा 'असली फुटेज बघत बसायला कमिटीला वेळ नाही' असं सांगण्यात आलं. त्यानंतर समोरच्यांनी 'आमच्यावर पाळत ठेवतात' अशी तक्रार दिली. तिला लगेच पोच मिळाली आणि चारच दिवसांत नोटीस लागली.

पुरावा तुम्हीच मागितलात. तो मिळाल्यावर तो पाहिला नाहीत, आणि आता तो मिळवण्याचं साधन काढायला सांगता आहात. मला हे मान्य नाही.

आता समोरच्यांच्या आक्षेपाकडे येते, कारण तो मी झटकून टाकत नाही. कोणाच्या घरात कोण कधी आलं-गेलं हे शेजाऱ्याने रेकॉर्ड करणं चूकच आहे, मग ते शेजारी कसेही असोत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली एकमताने सांगितलं. तो हक्क त्रास देणाऱ्यालाही आहे. म्हणून आमचा कॅमेरा कसा बसवला आहे ते नीट वाचा.

तो दाराच्या चौकटीवर, खाली आमच्या पायपुसण्याकडे रोखलेला आहे. चित्राच्या चौकटीत आमचा उंबरा, बेलचं बटण, चपलांचं कपाट आणि पॅसेजचा एक तुकडा एवढंच येतं. समोरच्या दाराची जी कड कोपऱ्यात येत होती, तिच्यावर सेटिंगमध्ये जाऊन काळी पट्टी टाकली आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते आणि तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही, नंतर उघडूनही पाहता येत नाही. माइक बंद आहे. चित्रण घरातल्या कार्डावर राहतं आणि जुनं आपोआप पुसलं जातं. 'इथे कॅमेरा आहे' अशी पाटी दारावर पहिल्या दिवसापासून आहे. कॅमेऱ्यात काय दिसतं ते माझ्या फोनवर येऊन पाहा, असं मी तुम्हाला लेखी कळवलं होतं. कोणी आलं नाही. न पाहताच 'पाळत' हा शब्द नोटिशीत गेला.

अशी अरुंद चौकट शेजाऱ्यांवर उपकार म्हणून ठेवलेली नाही. पुरावा म्हणूनही तीच उपयोगी पडते. पाळत-कॅमेऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत हिशेब दिलेला आहे : चित्रात कोणीतरी आहे एवढं कळायला एक मीटर रुंदीला साधारण २५ पिक्सेल पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवायला २५०. नेहमीच्या फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चेहरा पक्का ओळखू यायला हवा असेल तर चौकट जेमतेम साडेसात मीटरची हवी. अख्खा पॅसेज, जिना आणि समोरचं दार सगळं पकडायला गेलं की माणसाची नुसती आकृती उरते. रात्री तर आणखीच कठीण. इन्फ्रारेड दिव्यांत चित्र काळं-पांढरं येतं, गडद शर्ट फिकट दिसू शकतो, आणि जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून प्रकाश उलटला की चेहरा धुवून निघतो. शेजाऱ्याच्या दारावर कॅमेरा रोखणाऱ्याच्या हाती बहुधा अंधुक सावल्या आणि वर एक कायदेशीर तक्रार एवढंच येतं.

अशा तक्रारींवर दुसरीकडे काय झालं तेही सांगते. ते निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण त्यातला विचार घेण्यासारखा आहे. चेक प्रजासत्ताकात एका माणसाच्या घरावर वारंवार हल्ले होत होते, गलोलीने खिडकीची काच फोडली होती. त्याने वळचणीखाली कॅमेरा लावला. त्यात त्याचं दार, रस्त्याची पायवाट आणि समोरच्या घराचं दार येत होतं. चित्रणावरून दोन संशयित सापडले. त्यातल्या एकाने कॅमेऱ्याविरुद्धच तक्रार केली. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालय म्हणालं की सार्वजनिक जागा टिपणारा कॅमेरा ही निव्वळ घरगुती बाब राहत नाही, त्याला डेटा संरक्षणाचे नियम लागू होतात. पण त्याच दमात हेही म्हटलं की आपल्या कुटुंबाचा जीव आणि मालमत्ता सांभाळण्याचं घरमालकाचं न्याय्य हित त्याच नियमांत विचारात घेता येतं. कॅमेरे सरसकट काढून टाका, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डच्या कोर्टाने उलट बाजूचा निकाल दिला. घरमालकाने दारावरची कॅमेरा-बेल आणि इतर कॅमेरे लावले होते, शेजारणीने दावा केला आणि ती जिंकली. न्यायाधीशांना चित्रापेक्षा आवाज जास्त खटकला : माइक फार दूरवरचं बोलणं पकडत होता, आणि गुन्हा रोखण्यासाठी त्याची काही गरज नव्हती. आमचा माइक बंद का, हे यावरून कळावं. कोन कुठे, आवाज चालू की बंद, चित्रण किती दिवस, कोणाला दाखवलं, हे प्रश्न विचारा. 'कॅमेरा आहे की नाही' एवढ्याच प्रश्नावर नोटीस काढणं म्हणजे काम टाळणं आहे.

आता कमिटीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यांबद्दल. सासूबाई पडल्या त्या रात्रीचं जिन्यावरच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण मी मागितलं होतं. अर्ज केल्यावर मीटिंग होईपर्यंत थांबा म्हणालात. मीटिंगनंतर कळलं की डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि ते पुसलं गेलं. जे उरलं होतं त्यात घड्याळ पाऊण तास मागे होतं. वेळ चुकलेलं चित्रण कोणाच्याही कामाचं नाही. समोरचा सरळ म्हणू शकतो की त्या वेळी मी इथे नव्हतोच. रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेईल अशी सोय त्यात असते, ती एकदा चालू करावी लागते, बस्स. त्याच रेकॉर्डरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच आहे, हे वॉचमनच्या टेबलावर चिकटवलेल्या कागदावरून सगळ्यांना कळतं. २०१६ साली 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते असल्याच न बदललेल्या पासवर्डांमुळे. आणि पार्किंगमध्ये गाडी आडवी लावली म्हणून एका कॉलेजच्या मुलीचा सोसायटीच्या फुटेजमधला फोटो रहिवाशांच्या ग्रुपवर टाकला गेला, तो कमिटीच्याच एका सदस्याकडून. तिच्या आईने हात जोडले तेव्हा तो काढला. खासगीपणाची काळजी तुम्हाला खरोखर असेल, तर ती या ठिकाणीही दिसायला हवी होती.

कॅमेऱ्याने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. उलट त्याची मर्यादा मी रोज पाहते. कॅमेरा शिवीगाळ थांबवत नाही. रात्रीच्या मोठ्या आवाजाचा पुरावाही तो देऊ शकत नाही, कारण माइक चालू केला तरी तो बारीक आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो. आवाज मोजायला डेसिबल मीटरच लागतो. पायझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या अभ्यासकांनी २०१९ मध्ये कॅमेऱ्यांवरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. तो सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांचा होता, घरांचा नाही. त्यात गुन्ह्यांत सुमारे १३ टक्के घट आढळली, पण ती सगळ्यात जास्त वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. परिणाम जास्त दिसला तो कॅमेऱ्यावर कोणी लक्ष ठेवून होतं आणि जोडीला दुसरे उपाय होते तिथे. मला यातून कळतं ते असं की चित्रण पाहून पुढे काहीतरी करणारं कोणी हवं. आमच्या बाबतीत ते कोणी म्हणजे तुम्ही, आणि गरज पडेल तेव्हा पोलीस.

कॅमेरा लागल्यावर काय बदललं, तेही सांगते. काडी बंद झाली. बेल रात्री वाजत नाही. कचऱ्याची पिशवी आता कडीला नसते, जिन्याच्या वळणावर असते, जिथे माझा कॅमेरा पोचत नाही आणि पोचवायचा मला अधिकारही नाही. तो भाग तुमचा आहे.

आमच्यासारख्या परिस्थितीत असलेल्यांसाठी थोडं लिहिते, कारण हे सगळं मला विचारून-विचारून शिकावं लागलं. कॅमेऱ्यासोबत एक वही ठेवा : तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. भावना त्यात लिहू नका, घडलं तेवढंच लिहा. बॅटरीवर चालणाऱ्या बेल-कॅमेऱ्याला जागं व्हायला क्षणभर लागतो आणि नेमकी सुरुवातच हुकू शकते, म्हणून शक्य असेल तर विजेवरचा घ्या. काही घडलं की त्याच दिवशी मूळ फाइल कार्डावरून उतरवून दोन ठिकाणी ठेवा. मेसेजवर पाठवलेली क्लिप दाबून लहान झालेली असते आणि तिच्यातली वेळेची माहितीही जाते. ती बघायला ठीक, पुरावा म्हणून लंगडी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही नमूद करायचं असतं. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. म्हणून क्लिप कापू नका, उजळू नका, त्यावर बाण-गोल काढू नका. आणि कितीही राग आला तरी ग्रुपवर टाकू नका. ज्या क्षणी टाकाल, त्या क्षणापासून तक्रारदार तुम्ही राहत नाही, समोरचा होतो.

मीही टाकलेली नाही. रात्री हे लिहिताना ती क्लिप समोर आहे आणि एका बोटाने ती सगळ्या इमारतीपर्यंत पोचू शकते. त्या घरातही शाळेत जाणारी मुलं आहेत, त्यांना उद्या जिन्यात कोणी टोमणे मारावेत असं मला वाटत नाही. मला कोणाची बदनामी नको आहे, रात्री झोप हवी आहे. म्हणूनच रीतसर मार्गाने तुमच्या दारात आले, आणि म्हणूनच तुमचं दार बंद होणं मला जास्त लागलं.

माझ्या मागण्या अशा :

१. ही सरसकट नोटीस मागे घ्यावी. तिच्याऐवजी खासगी कॅमेऱ्यांसाठी लिखित नियम करावेत : कॅमेरा फक्त स्वतःच्या दारावर रोखलेला, शेजाऱ्याचं दार-खिडकी झाकलेली, माइक बंद, पाटी लावलेली, चित्रण ठराविक मुदतीनंतर पुसलेलं. कोणाची हरकत आली तर कमिटीच्या दोन सदस्यांनी प्रत्यक्ष येऊन कॅमेऱ्यात काय दिसतं ते पाहावं आणि मग निर्णय द्यावा. माझ्यापासून सुरुवात करा.

२. प्रत्येक लेखी तक्रारीला त्याच दिवशी पोच आणि ठराविक मुदतीत लेखी उत्तर. तक्रार माझी असो वा समोरच्यांची.

३. इतिवृत्तातली 'वैयक्तिक वाद' ही ओळ दुरुस्त करून तक्रारीचा तपशील नोंदवावा.

४. सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं घड्याळ आणि पासवर्ड याच आठवड्यात दुरुस्त करावेत. कोणी चित्रण मागितलं तर मीटिंगची वाट न पाहता तेवढा भाग लगेच जपून ठेवावा. द्यायचा की नाही ते नंतर ठरवा, पण पुसला जाऊ देऊ नका. फुटेज कोण पाहू शकतं त्याची नोंदवही ठेवावी आणि ते ग्रुपवर टाकायला बंदी असावी, कमिटीच्या सदस्यांनाही.

५. माझ्याकडचं चित्रण दोन्ही घरांच्या उपस्थितीत पाहावं, समोरच्यांना त्यांचं म्हणणं मांडू द्यावं, आणि जे दिसेल त्यावर कमिटीने लेखी भूमिका घ्यावी.

हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तोपर्यंत माझ्या कॅमेऱ्याला कोणी हात लावू नये. तो काढण्याचा प्रयत्न झाला तर मी पोलिसांत तक्रार देईन, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. बैठकीला मी मूळ फाइल, वही आणि सासूबाईंच्या उपचारांचे कागद घेऊन हजर राहीन.

उत्तर लेखी द्यावं ही विनंती.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची एक सदस्य